मुष्टियुद्धाचा काटा कोणाच्या हाती?

(द्वितीय वर्ष, कला)

मुष्टियुद्धावर लेख, आणि तोही कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात! काही वाचकांच्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. कुणी म्हणेल, दोघांनी एकमेकांची तोंडे फोडायची आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटायच्या, यात लिहिण्यासारखे आहे काय? कुणी म्हणेल, हा सगळा अमेरिकेतला धंदा. आपल्याला त्याचे काय देणेघेणे? पण मित्रहो, मला या लेखात ठोशांविषयी फारसे बोलायचेच नाही. मला बोलायचे आहे ते ठोशांच्या हिशोबाविषयी. एकाने मार खायचा, दुसऱ्याने त्याची तिकिटे विकायची, तिसऱ्याने ते चित्र घरोघर पोचवायचे आणि शेवटी पैशाची वाटणी व्हायची. ही वाटणी कोण करतो आणि कोणत्या मापाने करतो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आज मुष्टियुद्धाचे प्रक्षेपण टेलिव्हिजनवरून मोबाईलवर सरकत असताना हे मापच गुपचूप बदलते आहे, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

आरंभी माप अगदी सोपे होते. दारातून जितकी डोकी आत येतील तितका पैसा. २ जुलै १९२१ रोजी अमेरिकेतील जर्सी सिटी येथे जॅक डेम्प्सी आणि फ्रान्सचा जॉर्ज कार्पेंतिए यांची लढत झाली. टेक्स रिकार्ड नावाच्या आयोजकाने तिच्यासाठी खास लाकडी स्टेडियम उभारले. सुमारे ऐंशी हजार लोक जमले आणि तिकिटांचे उत्पन्न सतरा लाख डॉलरांच्या वर गेले. एका लढतीने दहा लाखांचा आकडा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. डेम्प्सीला तीन लाख आणि कार्पेंतिएला दोन लाख डॉलर ठरले होते. चौथ्या फेरीत खेळ संपला. याच लढतीचे वर्णन रेडिओवरून दूरदूरच्या सभागृहांत आणि नाट्यगृहांत ऐकवले गेले. म्हणजे मैदानात न आलेला माणूसही प्रेक्षक होऊ शकतो, हा शोध त्या दिवशी लागला. पुढची शंभर वर्षे मुष्टियुद्धाच्या धंद्याने दुसरे काही केलेले नाही. या न आलेल्या प्रेक्षकाकडून पैसे कसे काढायचे, एवढ्याच एका गणिताची उत्तरे तो शोधत राहिला आहे.

पहिले उत्तर टेलिव्हिजनने दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघरी संच आले आणि शुक्रवारची रात्र ही मुष्टियुद्धाची रात्र झाली. प्रेक्षकाला काहीच द्यावे लागत नव्हते. पैसे देत होती दाढीच्या पात्यांची जिलेट कंपनी. बुधवारच्या लढतींचे पैसे देत होती पॅब्स्ट ही बिअरची कंपनी. वरवर पाहता सर्वांचेच भले! पण घरबसल्या फुकट मोठी लढत दिसू लागल्यावर गल्लीतल्या छोट्या क्लबमध्ये तिकीट काढून जाणार कोण? नवी पोरे जिथे चार-सहा फेऱ्या खेळून तयार होत, ते क्लब एकामागून एक बंद पडले. पिकाची कापणी जोरात चालली होती, पण पेरणी थांबली होती.

याच काळात मक्तेदारी म्हणजे काय, याचा धडा मुष्टियुद्धाने सगळ्या जगाला घालून दिला. जेम्स नॉरिस यांच्या इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब या संस्थेने मोठी मैदाने, विजेते खेळाडू आणि टेलिव्हिजनचे करार आपल्या मुठीत घेतले. जून १९४९ ते मे १९५३ या काळात अमेरिकेत झालेल्या ४४ अजिंक्यपदाच्या लढतींपैकी ३६ लढतींत या संस्थेचा हात होता. पडद्यामागे फ्रँकी कार्बो हा गुंड बसलेला होता. अखेर १९५९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही संस्था मोडण्याचा निर्णय कायम केला आणि १९६१ मध्ये कार्बो तुरुंगात गेला. अर्थशास्त्राच्या तासाला मक्तेदारीची व्याख्या आपण पाठ करतो; तिचा चेहरा पाहायचा असेल तर हे प्रकरण जरूर वाचावे.

जाहिरातदाराच्या पैशावर चालणारा खेळ जाहिरातदाराच्या लहरीवरही चालतो. २४ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एमिल ग्रिफिथने बेनी पॅरेटला बाराव्या फेरीत दोऱ्यांशी अडकवून ठोसे मारले. हे सारे ए.बी.सी. वाहिनीवर थेट दिसत होते. ३ एप्रिलला पॅरेट मरण पावला. दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, त्या वाहिनीने आपला साप्ताहिक कार्यक्रम बंद केला. ज्यांनी पॅरेटच्या जिवावर पाती विकली होती ते दुसरे काहीतरी विकायला निघून गेले. मागे राहिलेल्या त्याच्या कुटुंबाचा त्या धंद्याच्या हिशोबात कुठलाच रकाना नव्हता.

यानंतरचे उत्तर होते 'क्लोज्ड सर्किट'. लढत एका गावी, आणि तिचे चित्र शेकडो गावांच्या चित्रपटगृहांत. तेही तिकीट लावून. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर यांची पहिली लढत झाली, तेव्हा प्रत्येकाला पंचवीस लाख डॉलर मिळाले. तीन वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९७४ रोजी, आफ्रिकेतील झाईर देशात, किन्शासाला अली आणि जॉर्ज फोरमन समोरासमोर आले. डॉन किंग या आयोजकाने प्रत्येकी पन्नास लाखांचा शब्द दिला आणि त्यासाठी पैसा उभा केला तो झाईरचा हुकूमशहा मोबुतू याने. गंमत अशी की ही लढत तिथल्या पहाटे चार वाजता सुरू झाली. का? तर अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत त्या वेळी रात्रीचा खेळ लागायचा होता! मैदान आफ्रिकेचे, घाम दोघा खेळाडूंचा, पण घड्याळ मात्र कॅमेऱ्याचे. पुढच्याच वर्षी मनिलामध्ये अली-फ्रेझियर तिसऱ्यांदा लढले, तेही भर सकाळच्या उकाड्यात. त्या लढतीचे उपग्रहावरून आलेले चित्र एच.बी.ओ. या वाहिनीने दाखवले आणि पैसे भरून पाहायच्या टेलिव्हिजनचे युग सुरू झाले.

त्यातूनच पुढे 'पे-पर-व्ह्यू' आले. आपल्या भाषेत सांगायचे तर 'रोख द्या आणि बघा'. या पद्धतीचा कळस २ मे २०१५ रोजी झाला. फ्लॉइड मेवेदर विरुद्ध मॅनी पॅकियाव. घरी बसून पाहायचे शंभर डॉलरच्या आसपास, आणि तेवढे मोजणारी घरे निघाली ४६ लाख! एका रात्रीची उलाढाल चाळीस कोटी डॉलरांच्या वर गेली. या पद्धतीचे दोष उघड आहेत. ही लढत व्हावी अशी मागणी २००९ पासून होत होती. पण एक खेळाडू एका वाहिनीशी बांधलेला, दुसरा दुसरीशी, आयोजकांचे आपसांत वैर, म्हणून दोघांची उमेद सरल्यावर ती झाली. शिवाय शंभर डॉलर देण्याची ऐपत ज्याची नाही, त्याच्या मुलाने मुष्टियुद्ध पाहायचे कसे? आणि जो खेळ पाहिलाच नाही त्यावर त्याचा जीव बसणार कसा? पे-पर-व्ह्यूने श्रीमंत प्रेक्षक धरून ठेवला आणि उद्याचा प्रेक्षक घालवला, हा आरोप मला पूर्ण मान्य आहे.

पण या बदनाम पद्धतीत एक गुण होता, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. तिथे मोजणी होती. किती घरांनी पैसे भरले याचा आकडा होता, आणि त्या आकड्याला खेळाडूचा हिस्सा बांधून घेता येत होता. मेवेदर आणि पॅकियाव यांनी साठ-चाळीस वाटणी ठरवली, ती अशा मोजता येणाऱ्या ढिगाची.

मोजणीचे एवढे कौतुक मला का वाटते, ते सांगतो. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम उचल देतो आणि ती फिटेपर्यंत माणूस त्याचा बांधलेला असतो. मजुरी टनावर. पण तोड होते फडात आणि टन ठरतात कारखान्याच्या वजनकाट्यावर. मोळी बांधणाऱ्या हाताने काटा पाहिलेला नसतो. त्याला कळते ते चिठ्ठीवरच्या आकड्यावरून. त्यामुळे आमच्याकडे लहान पोरालाही एवढे अर्थशास्त्र ठाऊक असते की मजुरीचा दर किती, याआधी विचारायचा प्रश्न म्हणजे काटा कोणाच्या हाती? मुष्टियुद्धाच्या व्यवहारांविषयी वाचू लागलो तेव्हा मला सगळीच माणसे ओळखीची वाटली. आगाऊ रक्कम देऊन पुढच्या अनेक लढती बांधून घेणारा आयोजक, त्या रकमेतूनच खर्च वळते करून घेणारा व्यवस्थापक, आणि हिशोब विचारायला बिचकणारा खेळाडू.

मोजणी असूनही फसवणूक होते, हेही खरेच. माइक टायसनने कारकिर्दीत तीस कोटी डॉलरांच्या आसपास कमावले असे म्हणतात, आणि २००३ साली त्याने दिवाळखोरी जाहीर केली. आपला पैसा डॉन किंग यांनी लाटला असा दावा त्याने १९९८ मध्ये लावला होता. २००४ मध्ये तो एक कोटी चाळीस लाख डॉलरांवर मिटला. अशा तक्रारींचा ढीग साचल्यावर अमेरिकेच्या संसदेने २००० साली मुहम्मद अलीच्या नावाने कायदा केला. त्यातील कलमे वाचली की एखादा कामगार कायदा वाचल्यासारखे वाटते. आयोजकाने या लढतीतून आपल्याला किती मिळणार आहे ते खेळाडूला सांगितले पाहिजे. आयोजक आणि व्यवस्थापक एकच माणूस असता कामा नये. दडपण आणून पुढच्या लढती बांधून घेता येणार नाहीत. थोडक्यात, चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका, काटा पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे, असे त्या कायद्याने खेळाडूला सांगितले. अंमलबजावणी दुबळी होती. पण तत्त्व मान्य झाले, हे काय थोडे?

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. एच.बी.ओ.ने पंचेचाळीस वर्षांनंतर, डिसेंबर २०१८ मध्ये, मुष्टियुद्ध सोडले. २०२३ अखेर शोटाइमने सोडले. त्यांच्या जागी महिन्याची वर्गणी घेणाऱ्या स्ट्रीमिंग कंपन्या आल्या. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेटफ्लिक्सने जेक पॉल आणि अठ्ठावन्न वर्षांचा माइक टायसन यांची लढत दाखवली. सहा कोटी घरांनी ती थेट पाहिली, असे कंपनीने जाहीर केले. पुष्कळांचे चित्र मध्येच अडकत होते, आणि खेळ म्हणून ती लढत केविलवाणीच होती. परंतु १३ सप्टेंबर २०२५ रोजी लास वेगासमध्ये टेरेन्स क्रॉफर्डने कॅनेलो अल्वारेझला हरवले, ती लढत मात्र अव्वल दर्जाची. तिला चार कोटींहून अधिक प्रेक्षक लाभल्याचे कंपनीने सांगितले. २०१५ च्या ४६ लाख घरांशी हे आकडे ताडून पाहा. वसतिगृहातला माझ्यासारखा मुलगा मित्राच्या मोबाईलवर रविवारी सकाळी जगातली सर्वोत्तम लढत पाहू शकतो, हे या बदलाचे मोठे देणे आहे. ते मी नाकारत नाही.

माझी अडचण निराळीच आहे. महिन्याची वर्गणी एकच. तिच्यात मालिका आल्या, चित्रपट आले, मुलांची कार्टून्स आली आणि कधीतरी एक मुष्टियुद्ध आले. मग त्या वर्गणीतला किती भाग क्रॉफर्डमुळे आला आणि किती एखाद्या मालिकेमुळे? हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि कंपनीला येत असेल तर ती सांगणार नाही. प्रेक्षकांचा आकडाही कंपनीच मोजते आणि कंपनीच जाहीर करते. पूर्वी लढतीची म्हणून एक किंमत होती. आता ती किंमत वर्गणीत साखरेसारखी विरघळली. आणि जी गोष्ट वेगळी काढता येत नाही तिच्यात हिस्सा कसा मागायचा? आयोजकाला काय मिळाले एवढे विचारण्याचा हक्क अलीच्या कायद्याने दिला. पण कॅमेऱ्याच्या मालकाला काय मिळाले, हे विचारण्याची सोय त्यात नाही. तेव्हा खेळाडूच्या हाती पडतो तो वाटा नव्हे, ठरवून दिलेला मोबदला. क्रॉफर्डसारख्या शिखरावरच्या माणसाला तो भरपूर मिळतो. पण मोबदला हा देणाऱ्याच्या मर्जीवर असतो आणि वाटा हा घेणाऱ्याचा हक्क असतो, हा फरक ज्याने मजुरी केली आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही.

मर्जीचा विषय निघाला की सौदी अरेबियाचे नाव घ्यावेच लागते. गेल्या काही वर्षांत मुष्टियुद्धातला सर्वांत मोठा पैसा रियाधहून येतो आहे. तुर्की अलालशिख हे तिथले सत्ताधारी वर्तुळातले गृहस्थ या खेळाचे खरे सूत्रधार बनले आहेत. या पैशाने कामे केली, हे मान्य केले पाहिजे. १९९९ मध्ये लेनॉक्स लुइस निर्विवाद विजेता ठरल्यानंतर हेवीवेट गटात एकच विजेता असा उरलाच नव्हता. मान्यता देणाऱ्या संस्था चार, त्यामुळे पट्टे चार आणि राजेही चार! १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्यूरीला हरवले आणि तो गुंता सुटला. वैरी आयोजकांना एका टेबलाशी बसवणे बाजाराला वीस वर्षांत जमले नव्हते, ते तिजोरीने करून दाखवले. पण ही तिजोरी तिकिटांतून आणि वर्गणीतून भरत नाही. तिला खर्च वसूल करायची घाई नाही, देशाची प्रतिमा उजळून घ्यायची आहे. याला आपल्याकडे राजाश्रय म्हणतात.

राजाश्रयाचे काय होते, हे महाराष्ट्रातल्या कुस्तीशौकिनाला वेगळे सांगायला नको. १९४८ मध्ये खाशाबा जाधव लंडनच्या ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा संस्थान विलीन झालेले होते. गावाने वर्गणी काढली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. आपण त्या प्राचार्यांना वंदन करतो, आणि करायलाच हवे. पण त्याचबरोबर हेही विचारले पाहिजे की एका पैलवानाचे भवितव्य राजाच्या कृपेवर किंवा गुरूच्या घरावर का अवलंबून असावे? उद्या रियाधच्या तिजोरीचे मन दुसऱ्या खेळावर गेले, तर आज फुगलेले मोबदले उतरतील, आणि या काळात जे छोटे आयोजक व सभागृहे बंद पडली ती परत उभी राहणार नाहीत. १९५० च्या दशकात छोट्या क्लबांचे झाले तेच पुन्हा होईल.

दुसरी शक्यता मला याहून गंभीर वाटते. टी.के.ओ. ही कंपनी यू.एफ.सी. नावाच्या मिश्र मारामारीच्या खेळाची मालक आहे. तिने सौदी भागीदारासह मुष्टियुद्धात पाऊल टाकले असून पॅरामाउंट या कंपनीशी प्रक्षेपणाचा करार केला आहे. यू.एफ.सी.मध्ये आयोजक तीच, क्रमवारी लावणारी तीच, पट्टा देणारीही तीच. कारभार सुटसुटीत, यात शंका नाही. पण तिथल्या खेळाडूंनी मक्तेदारीविरुद्ध दावा लावला आणि त्यातील एक दावा साडेसदतीस कोटी डॉलर भरून मिटवावा लागला. २०२५ मध्ये न्यायालयाने त्या तडजोडीला मान्यता दिली. आता मुष्टियुद्धातही अशी एकछत्री संस्था चालावी म्हणून २०२५ साली अमेरिकेत विधेयक मांडले गेले. त्यात प्रत्येक फेरीमागे किमान मोबदला आणि वैद्यकीय विमा यांची तरतूद आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. पण त्याच्या मोबदल्यात आयोजक आणि पट्टा देणारा यांच्यामधली भिंत पडणार असेल, तर जेम्स नॉरिस यांना आपण मागच्या दाराने परत बोलावतो आहोत. फरक एवढाच की १९५९ मध्ये जे न्यायालयाने मोडले, ते यावेळी कायद्यानेच उभे राहील.

आतापर्यंत मी मोठ्या नावांविषयी बोललो. पण खेळ केवळ मोठ्या नावांवर उभा नसतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा पीटर बकली हे नाव फारसे कुणी ऐकले नसेल. २००८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो व्यावसायिक रिंगणात ३०० वेळा उतरला. त्यात ३२ विजय, १२ बरोबरी आणि २५६ पराभव! हसू नका. तो नूरा कुस्ती खेळणारा नव्हता. ब्रिटनमधल्या छोट्या सभागृहांत घरचा नवखा मुलगा आपली तिकिटे आपणच मित्रांना आणि नातेवाइकांना विकतो. त्या मुलाला जिंकता यावे, पण घाम गाळून जिंकता यावे, म्हणून समोर एक जाणता माणूस लागतो. बकली तो माणूस होता. अनेक भावी विजेते त्याच्यावर शिकून पुढे गेले. नेटफ्लिक्सवर दिसणाऱ्या प्रत्येक चकचकीत लढतीच्या पायात अशा शेकडो पराभवांचे दगड आहेत. प्रक्षेपणाच्या पैशातला किती भाग या पायापर्यंत झिरपतो? मुष्टियुद्धाचे भवितव्य मला या प्रश्नावर मोजावेसे वाटते; शिखरावरच्या माणसाला किती कोटी मिळाले यावर नाही.

आणि शेवटचा खर्च असतो मेंदूचा. डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच ठोसे खाऊन बधिर झालेल्या खेळाडूंवर निबंध प्रसिद्ध केला होता. म्हणजे शास्त्राने इशारा देऊन शतक होत आले. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास वेगासमध्ये कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर अजिंक्यपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या होऊ लागल्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी लंडनमध्ये नायजेल बेनशी लढताना जेराल्ड मॅक्लेलन कायमचा आंधळा आणि परावलंबी झाला. पुढची सारी वर्षे त्याची शुश्रूषा त्याच्या बहिणींनी केली. ती लढत ब्रिटनमध्ये घरोघरी दिसली होती. ज्या वाहिनीने ती दाखवली, ज्यांनी तिच्या जाहिराती विकल्या, त्यांचा हिशोब त्याच रात्री संपला. बहिणींचा हिशोब तिथून सुरू झाला. ऊस तोडताना कोयता पायावर बसला तर कारखाना आणि मुकादम एकमेकांकडे बोट दाखवतात. इथेही आयोजक प्रक्षेपकाकडे बघतो आणि प्रक्षेपक आयोजकाकडे.

यावर कुणी प्राध्यापक म्हणतील, 'एवढे अमानुष आहे तर बंदच करा ना!' हे मत मी आदराने ऐकतो, पण मला ते पटत नाही. या खेळात उतरणारी मुले बहुतेक गरिबांची असतात. दार बंद केल्याने त्यांची गरिबी संपत नाही. खेळ मात्र डॉक्टर नसलेल्या, पंच नसलेल्या अंधाऱ्या जागी जातो. धोक्याची कामे जगात पुष्कळ आहेत. खाण आहे, गटार आहे, उंच इमारत आहे. अशा कामाबाबत समाजाने विचारायचे ते हे, की धोका ज्याचा, त्याला वाटा मिळतो का, आणि तो पडला तर त्याच्या घरचे कोण पाहतो?

आपल्या देशाला हा प्रश्न आज दूरचा वाटेल. आपले मुष्टियोद्धे लष्कर, रेल्वे आणि पोलीस दलांतून येतात; पदक मिळाले की नोकरीत बढती, हेच त्यांचे अर्थकारण. पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट हे त्याचे चांगले उदाहरण आहे. त्या नोकरीत वलय कमी असेल, पण पगार, औषधपाणी आणि निवृत्तिवेतन असते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील कांस्यपदक विजेता विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला, आणि ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत वरळीला त्याने चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीला हरवले. टेलिव्हिजनवर झाली तेवढी त्या रात्री हवा झाली; पण त्यामागे छोट्या सभागृहांची, दर महिन्याच्या लढतींची परंपरा उभी राहिली नाही. उद्या एखादी कंपनी भारतात मुष्टियुद्धाची लीग घेऊन येईल, तेव्हा आपले खेळाडू नोकरीची सुरक्षितता सोडून तिच्यात उडी घेतील. त्याआधी नियम ठरलेले बरे. उचल घेतल्यानंतर कुणी अटी विचारत नसतो.

माझ्या मते नियम तीनच पुरेत. पहिला, प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीने लढतीचे प्रेक्षक किती, हे त्रयस्थाकडून मोजून घ्यावे आणि तो आकडा, तसेच त्या लढतीसाठी दिलेली रक्कम, रिंगणात उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला कळवावी. चार फेऱ्यांच्या पोरालासुद्धा. दुसरा, प्रत्येक प्रक्षेपण करारातला ठरावीक हिस्सा उपचार आणि निवृत्तिवेतनाच्या निधीत आधी जावा, वाटणी त्यानंतर व्हावी. तिसरा, आयोजन करणारा, क्रमवारी लावणारा आणि प्रक्षेपण करणारा हे तिघे एक असू नयेत. याने धंदा बुडेल असे म्हणणारे निघतीलच. किमान मजुरीच्या प्रत्येक कायद्याच्या वेळी ते निघाले होते.

पडदा चित्रपटगृहाचा असो, टेलिव्हिजनचा असो की हातातल्या मोबाईलचा. तो बदलत आला आहे आणि बदलत राहील. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढच्या वेळी एखादी मोठी लढत 'फुकट' दिसली तर आपण सर्वांनी ती जरूर पाहावी, मीही पाहीन. फक्त मुख्य लढतीच्या आधी, स्टेडियम अर्धे रिकामे असताना, जी दोन अनोळखी पोरे लढत असतात, तीही पाहावीत. आणि त्यांच्या ठोशांचे वजन कोण करतो आहे, हे एकदा मनाशी विचारावे.